आडवाटेचा वाटाड्या कसा पारखावा?

'प्रॉक्सी' हा शब्द शिक्षकांना नवा नाही. हजेरी चालू असते, एक नाव पुकारले जाते आणि मागच्या बाकावरून भलताच आवाज 'हजर' म्हणतो. महाविद्यालयात याला 'प्रॉक्सी लावणे' असेच म्हणतात. इंटरनेटवरची प्रॉक्सी सेवा याच जातीची आहे. एखादे संकेतस्थळ आपल्याला थेट उघडू दिले जात नसेल, तर आपण दूरच्या तिसऱ्याच संगणकाला सांगतो, 'माझ्याऐवजी तू जा, पान माग आणि मला आणून दे.' अडवणाऱ्याला एवढेच दिसते की आपण त्या तिसऱ्या संगणकाशी बोलतो आहोत. संकेतस्थळाला वाटते की पान त्या तिसऱ्यानेच मागितले.

मोठ्या वर्गांतील विद्यार्थी, आणि काही वेळा शिक्षकही, आम्हाला विचारतात, 'यांतली चांगली सेवा कोणती?' उत्तर शोधू लागले की 'सर्वोत्तम दहा' अशा थाटाच्या याद्या ढिगाने सापडतात. प्रत्येक सेवेला तारे दिलेले असतात. वेग किती, किंमत किती, किती देशांत सर्व्हर आहेत, याचे तक्ते असतात. प्रस्तुत लेखात आम्ही सेवांना गुण देणार नाही; गुण देणाऱ्यांचीच परीक्षा घेणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : या याद्या सहज जाणवते तेच मोजतात. ज्यावर वापरणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते ते त्यांच्या तक्त्यात येतच नाही. ही चूक केवळ याद्यांची नाही. नामवंत वृत्तपत्रांनीही ती केली आहे, आणि तिची किंमत दूरच्या देशातील अनोळखी माणसांना मोजावी लागली असती.

पण आधी हे सारे चालते कसे ते पाहू.

वर्गात करून पाहा

सहा विद्यार्थी एका ओळीत उभे करा. एका टोकाची विद्यार्थिनी 'वाचक', दुसऱ्या टोकाचा विद्यार्थी 'ग्रंथपाल', म्हणजेच संकेतस्थळ. वाचकाशेजारी एक 'पहारेकरी' उभा करा. ग्रंथपालाच्या नावाची चिठ्ठी पुढे जाऊ द्यायची नाही, असा त्याला हुकूम द्या. बाकीचे सारे 'मध्यस्थ'.

पहिली फेरी : वाचक ग्रंथपालाच्या नावे उघडी चिठ्ठी देते. पहारेकरी नाव वाचतो आणि चिठ्ठी फाडतो.

दुसरी फेरी : वाचक चिठ्ठी पाकिटात घालते आणि पाकिटावर एका मध्यस्थाचे नाव लिहिते. पहारेकऱ्याला ग्रंथपालाचे नाव दिसतच नाही, म्हणून पाकीट पुढे जाते. मध्यस्थ ते फोडतो, चिठ्ठी वाचतो, स्वतःच्या अक्षरात नवी चिठ्ठी लिहून ग्रंथपालाला देतो. उत्तरही तोच आधी वाचतो, मग पाकिटात घालून परत पाठवतो. ही झाली वेब प्रॉक्सी, म्हणजे ज्या पानावरील चौकटीत पत्ता टाकला की हवे ते पान उघडते ती सेवा.

तिसरी फेरी : या वेळी मध्यस्थाच्या पाकिटात आणखी एक बंद पाकीट आहे. त्यावर ग्रंथपालाचे नाव आहे आणि ते फक्त ग्रंथपालच फोडू शकतो. मध्यस्थाला पत्र कोणाला चालले ते कळते, पत्रात काय आहे ते कळत नाही. व्हीपीएन वापरून आपण एचटीटीपीएस असलेले संकेतस्थळ उघडतो तेव्हा साधारणपणे असे घडते.

चौथी फेरी : तीन मध्यस्थ आणि एकात एक घातलेली पाकिटे. पहिल्या मध्यस्थाला वाचक माहीत असते, शेवटच्याला ग्रंथपाल माहीत असतो, दोघांचीही ओळख असणारा कोणीच नसतो. ही टॉर या जाळ्याची रीत. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकेक आवरण उतरत जाते. अर्थात पत्र चार हातांतून फिरल्यामुळे वेळही जास्त लागतो.

प्रत्येक फेरीनंतर प्रत्येकाला फळ्यावर लिहायला सांगा : 'मला काय काय कळले?' दुसऱ्या फेरीत मध्यस्थाची यादी सर्वांत लांब होते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. वेब प्रॉक्सीच्या चौकटीतून कोणी आपल्या ई-मेलचा पासवर्ड लिहिला, तर तो मध्यस्थाने वाचण्याजोगा असतो. मुक्कामाचे संकेतस्थळ कितीही सुरक्षित असले तरी त्यात फरक पडत नाही, कारण पाकीट मधेच फुटलेले असते. आणि कोणत्याही फेरीत फळा कोरा राहत नाही. पहारेकऱ्यापासून लपवलेली गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पडते. तेव्हा 'कोणती सेवा निवडू?' या प्रश्नाचा खरा अर्थ 'मला कोणी पाहिलेले चालेल?' असा आहे.

खरा पहारेकरी खेळातल्याइतका साधा नसतो, हेही सांगायला हवे. तो कधी संकेतस्थळाच्या नावाला खोटा पत्ता देतो, कधी विशिष्ट पत्त्याकडे जाणारी वाट बंद करतो, तर कधी मजकुरातील शब्द पाहून अडवतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये चीनच्या यंत्रणेचा अभ्यास केला. त्यात असे आढळले की ती नको असलेला मजकूर प्रत्यक्ष उचलून घेत नव्हती. ती दोन्ही बाजूंना 'संभाषण संपले' असा खोटा निरोप धाडत होती. दोन्ही बाजूंनी त्या निरोपाकडे दुर्लक्ष केले तर पान येत होते. आम्हाला हा शोध आवडतो तो त्याच्या रीतीमुळे. संशोधकांनी पद्धत सांगितली, प्रयोग सांगितला, त्यामुळे इतरांना तो पडताळून पाहता आला. आता याच्या अगदी उलट असलेले उदाहरण पाहू.

हेस्टॅकची गोष्ट

१२ जून २००९ रोजी इराणमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. निकालावर आक्षेप घेत प्रचंड जनसमुदाय रस्त्यावर उतरला. सरकारने बातम्यांची आणि संवादाची अनेक संकेतस्थळे अडवली. हे पाहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील ऑस्टिन हीप या तरुण प्रोग्रामरने इराणी लोकांसाठी प्रॉक्सी कशा उभाराव्यात याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे डॅनियल कोलाशिओनी या सहकाऱ्याबरोबर त्याने 'हेस्टॅक' नावाचा खास प्रोग्राम तयार करायला घेतला. हेस्टॅक म्हणजे गवताची गंजी. दावा असा होता की हा प्रोग्राम वापरणाऱ्याचा मजकूर नुसता सांकेतिक करणार नाही, तर तो अगदी निरुपद्रवी वाटेल अशा रूपात पाठवील. म्हणजे सुई कोठे आहे ते सोडाच, गंजीत सुई आहे अशी शंकाही पहारेकऱ्याला येणार नाही.

कल्पना चित्तवेधक होती आणि कौतुकही तसेच झाले. ब्रिटनच्या 'गार्डियन'ने २०१० मध्ये हीपला वर्षातील नवप्रवर्तक म्हणून गौरवले. 'न्यूजवीक'ने त्याच्यावर मोठा लेख छापला. इराणवर निर्बंध असल्यामुळे असा प्रोग्राम तिकडे पाठवायला अमेरिकी सरकारचा परवाना लागतो, तोही मिळाला. या सगळ्या काळात हेस्टॅकची आतली रचना बाहेरच्या कोणाही तज्ज्ञाने तपासलेली नव्हती. ती प्रसिद्ध केली तर इराणी सरकारच्या हाती पडेल, असे कारण दिले जात होते.

२०१० च्या उन्हाळ्याअखेर येवगेनी मोरोझोव या लेखकाने जाहीरपणे प्रश्न विचारायला सुरुवात केली : या प्रोग्रामची परीक्षा कोणी घेतली? ती न घेता तो धोक्यात असलेल्या माणसांच्या हाती का दिला जातो आहे? त्याच सुमारास जेकब ॲपलबॉम आणि इतर काही जाणकारांना हेस्टॅकची प्रत मिळाली. त्यांनी ती तपासली आणि निष्कर्ष काढला की हेस्टॅक वापरणारा माणूस लपत नाही, उलट तो ओळखू येऊ शकतो. १० सप्टेंबर २०१० रोजी चाचण्या थांबवण्यात आल्या. पुढच्या काही दिवसांतच कोलाशिओनी याने राजीनामा दिला. जे थोडे लोक हा प्रोग्राम वापरत असतील त्यांना धोका होऊ नये, म्हणून दोषांचा तपशील सांगण्याचेही तपासणाऱ्यांनी तेव्हा टाळले.

ही गोष्ट आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. हीपचा हेतू चांगला होता याबद्दल आम्हाला शंका नाही. आमची टीका कौतुक करणाऱ्यांवर आहे. त्यांनी काय तपासले? माणूस तरुण आहे, धाडसी आहे, कार्य थोर आहे, सरकारने परवाना दिला आहे. यांतील एकही गोष्ट 'हा प्रोग्राम माणसाला लपवतो का?' या प्रश्नाचे उत्तर नाही. परवाना निर्यातीचा होता, गुणवत्तेचा नव्हता. प्रयोगवहीत नववीच्या विद्यार्थ्याने 'निष्कर्ष' लिहिला आणि 'निरीक्षण' कोरे ठेवले, तर आपण वही परत देतो. इथे मोठमोठ्या वृत्तपत्रांनी ती वही डोळे मिटून तपासली.

आणि धोका कोणाला होता? सॅन फ्रान्सिस्कोतील प्रोग्रामरला नाही, लंडनच्या पत्रकारालाही नाही. तो तेहरानमधल्या वापरणाऱ्याला होता. आपल्यावर नजर आहे हे ज्याला ठाऊक असते तो जपून बोलतो. आपण लपलो आहोत असे ज्याला वाटते तो मोकळेपणाने बोलतो. म्हणून सदोष आडोसा हा आडोसा नसण्यापेक्षा वाईट.

कुलूप उघड, किल्ली गुप्त

'पद्धत गुप्त ठेवली म्हणजे सुरक्षित राहते' हा समज जुना आहे आणि त्याचे खंडनही जुनेच आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लेखनावर एक फ्रेंच निबंध लिहिला. सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी नुकसान होऊ नये, गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली, असे तत्त्व त्यात मांडले आहे. बाजारातल्या कुलपाची रचना कोणालाही उघडून पाहता येते, तरी आपण ते दाराला लावतो, कारण भरवसा आपल्या खिशातल्या किल्लीवर असतो. ज्या कुलपाची सुरक्षितता 'आत काय आहे ते कोणी पाहिलेले नाही' एवढ्यावरच अवलंबून आहे, ते कोणीतरी पाहीपर्यंतच टिकते. आणि राज्यसत्तेकडे पाहायला माणसेही असतात, वेळही असतो.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. सारेच उघड केले तर पहारेकरी मध्यस्थांचे पत्तेही अडवील, त्याचे काय? हे खरे आहे. टॉरच्या नेहमीच्या मध्यस्थांची यादी जाहीर असते, त्यामुळे ती अडवता येते आणि अनेक ठिकाणी अडवली गेली आहे. पण टॉरने काढलेला तोडगा केर्कहॉफ्सच्या तत्त्वाला धरूनच आहे. प्रोग्राम संपूर्ण उघड, त्यामागचे शोधनिबंध उघड. मात्र 'ब्रिज' म्हणून ओळखले जाणारे काही प्रवेशद्वारांचे पत्ते एकत्र जाहीर करायचे नाहीत, मागणाऱ्याला थोडे थोडे द्यायचे. पत्ता ही किल्ली आहे, ती बदलता येते. रचना हे कुलूप आहे, ते सर्वांसमोर तपासून घ्यायचे असते.

यातून याद्यांचा आणखी एक दोष दिसतो. ज्या सेवेचे पत्ते सर्वांना ठाऊक होतात ते पहारेकऱ्यालाही ठाऊक होतात. तो वाचकांइतक्याच आवडीने याद्या वाचतो.

परीक्षकांची परीक्षा

विहिरीचे पाणी गोड लागते म्हणून ते पिण्याजोगे असतेच असे नाही. चव जिभेला कळते, जंतू कळत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. प्रॉक्सी आणि व्हीपीएन सेवांचे असेच आहे. वेग वापरणाऱ्याला लगेच जाणवतो, गळती जाणवत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइड फोनवरच्या २८३ व्हीपीएन ॲपची प्रयोगशाळेत तपासणी केली. त्यांपैकी १८ टक्के ॲप मजकूर सांकेतिक न करताच पाठवत होती, म्हणजे पाकीट नावालाच होते. ६६ टक्के ॲपमध्ये कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला गेला ते बाहेर गळत होते. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यांचा विचार केला तर ८४ टक्के ॲपमधून वाहतूक बोगद्याबाहेर सांडत होती. ३८ टक्के ॲपमध्ये घातक मजकुराची चिन्हे विषाणुशोधक प्रोग्रामना आढळली. यातील कितीतरी ॲप लाखो लोकांनी घेतलेली होती आणि अनेकांना वापरणाऱ्यांनी चार किंवा त्याहून अधिक तारे दिले होते. अभिप्रायांमध्ये सुरक्षिततेविषयी तक्रार जवळजवळ नव्हतीच. लोक खोटे बोलत नव्हते. ते चव सांगत होते.

मग जाणकारांच्या याद्यांवर विसंबावे का? येथे यादी कोण करतो ते पाहावे लागते. एके काळी क्रॉसरायडर या नावाने चालणारी आणि २०१८ पासून केप टेक्नॉलॉजीज असे नाव घेतलेली एक कंपनी आहे. तिने २०१७ मध्ये सायबरघोस्ट, २०१९ मध्ये प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ मध्ये ९३ कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन एक्सप्रेसव्हीपीएन या सेवा विकत घेतल्या. त्याच २०२१ मध्ये तिने सुमारे १५ कोटी डॉलरना वेबसेलेनीज ही कंपनीही घेतली. या कंपनीकडे व्हीपीएनमेंटर आणि विझकेस ही व्हीपीएन सेवांचे परीक्षण करणारी संकेतस्थळे होती. खरेदी उघडपणे जाहीर झाली होती, त्यात लपवाछपवी नव्हती. तरीही परीक्षार्थीच परीक्षकाचा मालक झाला, ही वस्तुस्थिती उरतेच. गावच्या शाळेत मुख्याध्यापकांचा मुलगा पहिला आला तर तो हुशार असूही शकतो. पण पेपर बाहेरच्या कोणी तपासला असता तर बरे झाले असते, असे सारा गाव म्हणतो.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात फुकट व्हीपीएन सेवांचा एक टेराबाइटहून मोठा माहितीसाठा इंटरनेटवर उघडा पडलेला आढळला. 'आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही' अशी ग्वाही या सेवा देत होत्या आणि साठ्यात वापरणाऱ्यांच्या नोंदी होत्या. हाँगकाँगमध्ये नवा राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. हा प्रकार उजेडात आणणाऱ्यांत व्हीपीएनमेंटरचे संशोधक होते. तेव्हा परीक्षण करणाऱ्यांच्या हातून चांगले काम होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण याच घटनेने दाखवून दिले की 'नोंद ठेवत नाही' हे वाक्य यादीच्या रकान्यात बरोबरची खूण करून तपासता येत नाही.

'नाही' असे सांगणारा दावा बाहेरून सिद्ध करणे अवघडच असते. अशा दाव्याची खरी परीक्षा कधीकधी न्यायालयात होते. २०११ मध्ये ब्रिटनमधील हाइडमायॲस या गाजलेल्या प्रॉक्सी सेवेने न्यायालयाच्या आदेशानुसार एका वापरणाऱ्याच्या जोडणीची नोंद दिली आणि त्याला अमेरिकेत अटक झाली. जोडणीच्या नोंदी आम्ही ठेवतो, हे त्या सेवेच्या अटींत होते. जाहिरातीतले नाव वाचणाऱ्यांनी अटी वाचल्या नव्हत्या. उलट २०१६ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसकडे मागणी गेली, तेव्हा तपास यंत्रणेला उपयोगी पडेल अशी वापरणाऱ्याची नोंद तिच्याकडे मिळाली नाही. दावा कसोटीला उतरला. मात्र वर सांगितल्याप्रमाणे २०१९ मध्ये त्या सेवेचा मालक बदलला. परीक्षेचा निकाल त्या दिवसापुरता असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

फुकट सेवांविषयी एकच उदाहरण पुरे. होला ही सेवा लाखो लोक विनामूल्य वापरत. २०१५ मध्ये चर्चेला आले की प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतःची जोडणी इतरांची वाहतूक बाहेर काढण्यासाठी वापरली जात होती, आणि हीच क्षमता लुमिनाटी या नावाने पैसे घेऊन विकली जात होती. म्हणजे आपण मध्यस्थ शोधायला गेलो आणि नकळत आपणच अनोळखी लोकांचे मध्यस्थ झालो. त्यांनी काही गैरकृत्य केले तर पत्ता आपल्या घराचा निघणार.

मग पारख कशी करावी?

ताऱ्यांऐवजी आम्ही पाच प्रश्न सुचवतो.

१. मध्यस्थाला काय दिसते? वरच्या खेळातली कोणती फेरी चालू आहे, हे आधी ठरवा. दुसरी फेरी असेल तर पासवर्ड, बँक, खाजगी पत्र यांतले काहीही तिच्यातून जाता कामा नये.

२. पद्धत उघड आहे का, आणि ती कोणी तपासली? नुसते उघड असणे पुरेसे नाही. ग्रंथालयात ठेवलेले पुस्तक कोणीतरी वाचलेलेही असावे लागते. स्वतंत्र तपासणीचा अहवाल आहे का, त्यात दोष सांगितले आहेत का, ते दुरुस्त झाले का, हे पाहावे. एकही दोष न सापडलेला अहवाल आम्हाला थोडा संशयास्पद वाटतो.

३. मालक कोण आणि पैसा कोठून येतो? वर्गणी, देणगी, सरकारी अनुदान, जाहिरात, की वापरणाऱ्यांची माहिती? उत्तर सापडत नसेल तर तेच उत्तर समजावे.

४. सेवा कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे? आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची नावे, पत्ते, दिलेले आयपी पत्ते इत्यादी माहिती पाच वर्षे जपून ठेवावी, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर काही परदेशी सेवांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. असा नियम योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतात. पण तो माहीत नसताना केलेली निवड ही निवड नव्हे.

५. सेवा स्वतःच्या मर्यादा सांगते का? आम्ही या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण देऊ. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबमध्ये जन्मलेल्या सायफनची २००६ मधली पहिली आवृत्ती अगदी घरगुती होती. मोकळ्या देशातल्या माणसाने आपल्या संगणकावर ती बसवायची आणि अडवलेल्या देशातल्या आपल्या नातेवाईक-मित्रांना पत्ता द्यायचा. मध्यस्थ कोण, हे वापरणाऱ्याला ठाऊक असे. पुढे सायफनचे रूप बदलले आणि पसारा वाढला. पण आपले काम अडथळा ओलांडून देण्याचे आहे, ओळख लपवण्याचे नाही, हे सायफनचे लोक स्पष्ट सांगतात. टॉरचे लोकही सांगतात की शेवटच्या मध्यस्थापुढे उघडे पत्र उघडेच राहते. हे न ऐकणाऱ्यांचे काय होते ते २००७ मध्ये दिसले. डॅन एगरस्टाड या स्वीडिश तज्ज्ञाने टॉरचे पाच शेवटचे थांबे चालवून पाहिले. अनेक देशांच्या वकिलातींच्या ई-मेल खात्यांचे पासवर्ड त्याच्या नजरेस पडले. त्यात भारतीय वकिलातीही होत्या. टॉरचे कुलूप तुटले नव्हते. आतले पाकीट बंद करायचे राहून गेले होते.

ज्याला सवड नाही त्याचे काय?

शेवटी आमच्याच म्हणण्यावरचा आक्षेप. पाच प्रश्न विचारायला स्वस्थता लागते. ऑगस्ट २०१९ पासून जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद होते. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवणे अमान्य ठरवले आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत असे सांगितले. त्यानंतर त्या महिन्यात इंटरनेट परतले ते मंद गतीने आणि ठरावीक मान्य संकेतस्थळांपुरतेच. तेव्हा लोक हाती लागेल ते व्हीपीएन वापरू लागले. फेब्रुवारीत पोलिसांनी व्हीपीएनमार्फत समाजमाध्यमांच्या गैरवापराबद्दल गुन्हाही नोंदवला. दूरच्या आप्तांची खुशाली कळण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाने केर्कहॉफ्स वाचून मग ॲप निवडावे, असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण म्हणूनच पारख करण्याची जबाबदारी ज्यांना सवड आहे त्यांच्यावर येते : परीक्षण लिहिणाऱ्यांवर, वृत्तपत्रांवर आणि शिक्षकांवरही. घाईतला माणूस आपला शब्द प्रमाण मानून चालतो. २०१० मध्ये तो शब्द तपासल्याशिवाय दिला गेला, ही आमची मुख्य तक्रार आहे.

शाळेतल्या गाळणीचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. शाळेने लहान मुलांसाठी घातलेला अटकाव आणि सरकारने नागरिकांच्या बातम्यांवर घातलेला अटकाव एका मापाने मोजता येणार नाहीत. शाळेच्या संगणकावर एखादे उपयोगी पान अडत असेल तर विद्यार्थ्याने शिक्षकाला सांगावे आणि शिक्षकाने ते उघडून घ्यावे. तेथे कोपऱ्यातल्या अनोळखी प्रॉक्सीची गरज नाही. परंतु मुले ती शोधतात हे आपल्याला ठाऊक आहे. नुसते 'वापरू नका' म्हटल्याने ती थांबत नाहीत. त्यापेक्षा पाकिटांचा खेळ एकदा वर्गात करावा. आपला पासवर्ड वर्गमित्राच्या हातात उघडा पडलेला पाहिला, की पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

हजेरीतल्या प्रॉक्सीत फार तर एक दिवस बुडतो, आणि 'हजर' म्हणणारा निदान आपला मित्र तरी असतो. इंटरनेटवर आपल्या नावाने 'हजर' म्हणणारा कोण आहे, हे विचारायची सवय मुलांना लागली तर या लेखाचे काम झाले. खेळ करून पाहिल्यावर प्रत्येक फेरीनंतर फळ्यावर काय काय लिहिले गेले ते आम्हाला जरूर कळवा.